एकशे साठ पाठमोरे श्रोते

"परवानगी? अगं, परवानगी म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!" असं कलमकाका म्हणाले, आणि पुढच्या सगळ्या भानगडीला तिथून सुरुवात झाली.

खरं तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मुलगी स्वयंपाकघरात आईशी हळू आवाजात बोलत होती आणि कलमकाका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर डोळ्यांसमोर धरून आतलं बोलणं ऐकत होते. निवृत्त माणूस पेपर वाचतो तो बहुतेक वेळा असाच. आतलं बोलणं असं होतं, की लोकसंगीताच्या तीन बँडचा मिळून एक कार्यक्रम ठरला होता. ज्या हॉटेलच्या गच्चीवर तो व्हायचा होता ती गच्ची गळायला लागली म्हणून मालकाने हात वर केले होते. आता बारा दिवसांत दुसरी जागा मिळाली नाही तर कार्यक्रम बारगळणार होता, आणि बारगळला की कायमचाच. कारण मुलीच्या बँडची गायिका महिनाअखेर परदेशी चालली होती, ती गेली की बँड संपला. नगरपालिकेचं सभागृह त्या दिवशी मोकळं होतं. लागत होती ती फक्त परवानगी.

हा शब्द कानावर पडला आणि कलमकाकांच्या अंगात वारं शिरलं. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत त्यांच्याकडे कुणी कसलीच परवानगी मागितली नव्हती. घरात टीव्हीचं चॅनेलसुद्धा त्यांना न विचारता बदललं जात होतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं नगरपालिकेच्या परवाना विभागात हेडक्लार्की केली, ज्याच्या टेबलासमोर भलेभले कंत्राटदार टोप्या हातात घेऊन उभे राहिले, त्याने हे कसं सोसलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. कलमकाका हे नावही ऑफिसनेच दिलेलं. ते कुठलंही वाक्य कलमाशिवाय बोलत नसत. पुढे ते नाव त्यांच्या मागोमाग बिल्डिंगमध्ये आलं आणि दाराच्या पाटीवरचं खरं नाव लोक विसरून गेले.

"बाबा, तुम्ही कशाला त्रास घेताय?" मुलगी म्हणाली. आपल्याकडे नको म्हणण्याची ही सर्वांत सभ्य पद्धत आहे.

"त्रास कसला त्यात? परवाच्या परवा कागद हातात देतो."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने गॅसकडे पाहिलं.

मुलीच्या कार्यक्रमांच्या बाबतीत काकांची मागची कामगिरी फारशी उज्ज्वल नव्हती, हे इथेच सांगून टाकायला हवं. मुलगी दिवसा लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची आणि संध्याकाळी एक परातीएवढं, एकाच बाजूला कातडं असलेलं वाद्य वाजवायची. सहा वर्षांत तिचे अकरा कार्यक्रम झाले. पहिल्याला काकांची पाठ धरली. दुसऱ्याला दाढ दुखली. तिसऱ्याला घरी पाहुणे येणार होते, ते आले नाहीत, पण तोवर कार्यक्रम संपला होता. चौथ्यापासून त्यांनी कारण देणं बंद केलं आणि सातव्यापासून तिने बोलावणं. "जगातल्या चार खंडांतली धनगरांची गाणी म्हणे! स्वतःच्या घराची बेल वाजली तर उठून दार उघडत नाहीत, आणि ढोल बडवायला हौस," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आता मात्र बारावा आणि शेवटचा कार्यक्रम होता, आणि या खेपेला काकांना जायचं होतं. मुलीने बोलावलं नव्हतं याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण हे तोंडाने म्हणण्याची सोय त्यांच्या कुठल्याच कलमात नव्हती, म्हणून ते परवानगी काढायला निघाले.

परवाना विभागात त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचा शिष्य बसत होता. शिष्य म्हणजे अगदी हाताखाली घडवलेला. पेन्सिलला टोक किती काढायचं इथपासून त्याला काकांनी शिकवलं होतं. काका दारात दिसताच तो ताडकन उठला, स्वतःची खुर्ची त्यांना दिली, चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला, सगळ्या विभागाला त्यांची ओळख करून दिली आणि मग अत्यंत आदराने त्यांचा अर्ज नाकारला.

"अरे, नाकारला म्हणजे?"

"सर, वाद्यं परिशिष्ट ब मध्ये नाहीत."

इथे त्या परिपत्रकाबद्दल सांगणं भाग आहे. बावीस वर्षांपूर्वी कुठल्याशा वरच्या साहेबांची दुपारची झोप सभागृहातल्या बाजाच्या पेटीने मोडली, आणि त्यातून 'सार्वजनिक सभागृहांतील ध्वनिनिर्मिती (नियमन व प्रतिबंध) परिपत्रक' जन्माला आलं. सतरा पानं, त्रेचाळीस कलमं, चार परिशिष्टं. ते कुणी लिहिलं हे वेगळं सांगायला नको. काकांनी ते इतक्या मायेने लिहिलं होतं, की सख्ख्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी कधी इतका वेळ घालवला नसेल. परिशिष्ट ब म्हणजे परवानगी असलेल्या वाद्यांची यादी. ती त्यांनी एका दुपारी शाळेतल्या भिंतीवरच्या चित्रांचा तक्ता पाहून तयार केली. तक्त्यावर एकतीस वाद्यं होती. म्हणून जगातही एकतीसच.

आता या तीन बँडकडे काय होतं? एकाकडे अर्ध्या भोपळ्यावर एकवीस तारा ताणलेलं काहीतरी. दुसऱ्याकडे दळणाच्या जात्यासारखा दांडा फिरवून वाजवायची पेटी. तिसऱ्याकडे शिंग.

"डफ तर आहे ना यादीत? मुलीचं डफ धर," काका म्हणाले.

शिष्याने खेदाने पान उलटलं. "डफाचा व्यास तीस सेंटिमीटरपर्यंतच, सर. तुम्हीच घातलंय. ताईंचं अठ्ठेचाळीस आहे. मी फोटोवरून काढलं."

"मग अनुसूचीबाह्य वाद्य म्हणून घे. कलम सतरा."

"त्याला तज्ज्ञ समितीची शिफारस लागते."

"मग पाठव समितीकडे!"

"समिती अजून नेमली गेली नाही, सर. अध्यक्षांच्या नावाची जागा तुम्ही कोरी सोडली होती. फाइलवर तुमच्या अक्षरात आहे, 'यथावकाश'."

काकांनी चहाचा घोट घेतला. चहा चांगला होता. शिष्याला तेही त्यांनीच शिकवलं होतं, ज्याचं काम होणार नाही त्याला चहा चांगला पाजायचा.

"आणि गाण्यांचं भाषांतर," शिष्य पुढे म्हणाला. "प्रत्येक गाण्याचं, तीन प्रतींत, अधिकृत अनुवादकाच्या सहीने. सात भाषा दिसताहेत. एका भाषेला लिपी नाही असं ताईंनी लिहिलंय. आणि चौथ्या गाण्याला शब्दच नाहीत, नुसता हुंकार आहे. त्याला अर्थ नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल."

"अर्थ नाही याचं प्रतिज्ञापत्र मी देतो," काका म्हणाले. "सहा वर्षं तेच सांगतोय."

रस्त्याने घरी येताना कलमकाकांच्या मनात दोन भावना एकमेकींचे केस ओढत होत्या. एक म्हणत होती, या पोराचा गळा दाबावा. दुसरी म्हणत होती, काय तयार केलंय पोरगं! एकही भोक सोडत नाही! गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

बातमी बिल्डिंगभर व्हायला लिफ्टच्या दोन फेऱ्या पुरल्या. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य पहिले आले. दंतवैद्यांना बोलायची फार हौस, आणि पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना दिवसभर कुणी उलट बोलत नाही. त्यामुळे आपलं प्रत्येक मत बरोबर असतं असा त्यांचा समज झालेला होता.

"उघड्यावर करा की! मैदानात. सभागृहाचा नियम सभागृहाला."

"कलम नऊ," काका पडलेल्या आवाजात म्हणाले. "मैदानाला सभागृहच समजावं. छप्पर नसल्याने नियमातून सूट मिळणार नाही."

"हे कोणत्या गाढवाने लिहिलं?"

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

मग समोरच्या घरातल्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्याही निवृत्त होत्या, पण त्यांचा आवाज अजून सेवेत होता. "व्याख्यान म्हणून दाखवा! 'लोकसंगीत: एक दृष्टिक्षेप'. मी अध्यक्षस्थानी बसते. मधूनमधून वाजवू दे त्यांना."

कलम चौदा, पोटकलम क. सोदाहरण व्याख्यानात एक उदाहरण चाळीस सेकंदांपेक्षा मोठं नसावं. आपण हे कधी लिहिलं ते काकांना लख्ख आठवत होतं. एका हुशार माणसाने व्याख्यानाच्या नावाखाली तीन तास सनई वाजवली होती, आणि त्याची खोड मोडायला काकांनी रात्रीचं जेवण बाजूला सारून ते पोटकलम रचलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांचा सत्कार झाला होता. आता त्या सत्काराचा नारळ त्यांच्याच डोक्यात बसत होता.

चार दिवस असे गेले. तिन्ही बँडचे लोक मुलीला फोन करत होते, मुलगी लॅबमधून येऊन बापाच्या तोंडाकडे पाहत होती, आणि बाप कलमांकडे. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, खरंच राहू दे आता. मी सगळ्यांना कळवून टाकते." ती चिडून म्हणाली असती तर काकांनी तिला दोन सुनावलेही असते. पण ती अगदी समजुतीने, आजारी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, आणि ते काकांना फार लागलं. त्या संध्याकाळी ते न जेवता परिपत्रक पुढ्यात घेऊन बसून राहिले.

अखेर बायकोने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. बावीस वर्षांत तिने ते कधी उघडलं नव्हतं. चष्मा लावून ती कोचावर बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. सहाव्या पानावर तिने जांभई दिली, दहाव्यावर दुसरी.

"हे आधी मिळालं असतं तर झोपेच्या गोळ्या लागल्या नसत्या मला," ती म्हणाली. आणि मग, "अहो, हे कलम बावीस काय आहे? तालमीला परवानगी लागत नाही?"

"तालीम म्हणजे प्रेक्षक नसलेली. एकशे साठ माणसं येणार आहेत."

"पण प्रेक्षक म्हणजे कोण ते इथे दिलंय की. 'प्रेक्षक म्हणजे मंचाकडे तोंड करून आसनस्थ झालेली व्यक्ती.'"

"ते सफाईवाल्यांसाठी होतं," काका कंटाळून म्हणाले. "तालमीच्या वेळी झाडूवाले, वायरमन सभागृहात असायचे. हिशेब तपासणीवाल्यांनी त्यांना प्रेक्षक धरलं आणि आम्हाला नोटीस काढली. म्हणून मी मुद्दाम..." आणि ते थांबले.

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "तोंड दुसरीकडे केलं तर?"

आपल्या अभेद्य किल्ल्याला बायकोने जांभया देत देत खिंडार पाडावं, हे काकांच्या मनाला फार लागलं. पण खिंडार होतं खरं, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडत होतं.

मुलीला योजना सांगितली तेव्हा ती बोटाने हवेत खुर्च्या फिरवून पाहू लागली. मग तिने विचारलं, "म्हणजे सगळ्या खुर्च्या उलट्या?" मग ती हसायला लागली, ती इतकी हसली की तिला फरशीवर बसावं लागलं. डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, पण तुम्ही? तुम्ही येणार?"

"आयोजक आहे मी. हजर राहणं बंधनकारक आहे. कलम एकतीस," काका म्हणाले. हो म्हणायला माणसाला किती शब्द लागावेत याला काही नियम नाही.

शिष्याने तालमीची सूचना तीनदा वाचली, खिडकीशी नेऊन उजेडात वाचली, आणि तिच्यावर 'पाहिले' असा शिक्का मारला. त्याच्या डोळ्यांत गुरूबद्दल पाणी आलं होतं. "सर, काय काढलंत! मी स्वतः हजर राहीन. नोंदवही घेऊन."

शनिवारी संध्याकाळी सहाला सभागृहात युद्धाला तोंड फुटलं. घडीच्या एकशे साठ खुर्च्या दुपारीच उलट्या मांडून झाल्या होत्या, पण पहिली रांग कोणती हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. दंतवैद्यांकडे पहिल्या रांगेतली प्रवेशपत्रिका होती. सभागृहाच्या रखवालदाराच्या मते खुर्च्या ज्या दिशेला पाहतात तिकडची रांग पहिली. त्या हिशेबाने दंतवैद्यांचं नाक मागच्या भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याला टेकत होतं.

"मी मान्यवर आहे!" दंतवैद्य ओरडले.

"म्हणून तर पुढे बसवलंय," रखवालदार म्हणाला.

मुख्याध्यापिकाबाईंनी तेवढ्यात एक पूर्ण रांग उंचीप्रमाणे बसवून टाकली. कुणी म्हणालं, उभं राहून ऐकू या. कलम अकरा, सभागृहात पाच मिनिटांहून अधिक काळ उभं राहता येणार नाही. कुणी म्हणालं, जमिनीवर बसू या. जमिनीवर बसलेलाही आसनस्थच, परिशिष्ट ड, टीप चार. कुणी म्हणालं, हे कोणत्या गाढवाने लिहिलं? एव्हाना काकांना त्या प्रश्नाची सवय झाली होती.

मग ते मंचावर चढले आणि एकशे साठ डोक्यांच्या मागच्या भागाला उद्देशून त्यांनी सूचना दिल्या. एखादी व्यक्ती वळून बसल्यास ती प्रेक्षक ठरेल. एक प्रेक्षक झाल्यास ती नजरचूक समजून फक्त नोंद होईल. दुसरी व्यक्ती वळल्यास त्याला समुदाय म्हणतात, आणि मग तालीम त्याच क्षणी बंद. ज्याची नोंद होईल त्याचं नाव 'उल्लंघनकर्ते' या मथळ्याखाली नगरपालिकेच्या फलकावर वर्षभर लागेल. त्याच भिंतीवर काकांचं 'निष्कलंक सेवा' असं सन्मानपत्र काचेत लावलेलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण गावात ते सगळ्यांना माहीत होतं. गेल्या चार वर्षांत त्यांनीच ते सांगितलं होतं.

पहिला बँड आला. भोपळावाला माईकजवळ जाऊन जरा वेळ समोर बघत राहिला. टकलं, अंबाडे, मफलर, कॉलरची मळकी कड. "इतकी वर्षं वाजवतोय," तो म्हणाला, "पाठ फिरवून गेलेले लोक पुष्कळ पाहिले. पाठ फिरवून आलेले आज पहिल्यांदा बघतोय." लोक हसले. हसताना त्यांचे खांदे हलले. तो बघत असलेल्या बाजूने तेवढंच दिसत होतं.

आणि मग त्या एकवीस तारा वाजायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर वाजल्या. कुठल्याशा दूरच्या नदीवरच्या नावाड्यांचं गाणं होतं. शब्द कुणाला कळत नव्हते, पण तिसऱ्या कडव्याला मागची रांग, म्हणजे पुढची, म्हणजे जी काय असेल ती, डुलायला लागली. शिष्य नोंदवही छातीशी धरून मंच आणि खुर्च्या यांच्यामधून खेकड्यासारखा आडवा चालत होता. त्यालाही मंचाकडे तोंड करायची चोरी होती. तो प्रत्येकाची मान तपासत होता. मान किती वळली म्हणजे तोंड वळलं, याबद्दल परिपत्रक गप्प होतं, आणि या उणिवेचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

गडबड केली ती दंतवैद्यांनी. दुसरा बँड दांड्याची पेटी फिरवू लागला, तसा त्यांनी खिशातून तोंडात घालून दात बघायचा तो इवलासा आरसा काढला आणि खांद्यावरून मागे धरला. शेजाऱ्याने विचारलं, "दिसतं का हो?" "दाढेपेक्षा बरं दिसतं," ते म्हणाले. पाच मिनिटांत सभागृहात आरसेच आरसे झाले. पर्समधून पावडरच्या डब्या निघाल्या. तरुण मंडळींनी मोबाइलचा स्वतःकडचा कॅमेरा चालू करून हात उंच धरले. रखवालदाराने कुठून तरी स्कूटरचा आरसा पैदा केला. शिष्य घाईघाईने काकांच्या खुर्चीशी आला. काका मंचाला सर्वांत जवळच्या रांगेत, कडेला, पाठ ताठ ठेवून बसले होते.

"सर, आरसा?"

"आरशाचा उल्लेख नाही," काका समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले.

"मग?"

"जे लिहिलेलं नाही, ते घडत नाही."

शिष्याने हे वाक्य नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.

तिसरा बँड मुलीचा होता. काकांना पावलं ऐकू आली, गायिकेचं खाकरणं ऐकू आलं, आणि मग एक ठोका आला. तो ठोका त्यांच्या कानाआधी पाठीत शिरला. खुर्चीची पाठ थरथरली. मग दुसरा, मग बोटांची सर, मग पुन्हा तो खोल ठोका. काकांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डबे बडवण्याचा आवाज त्यांना पक्का माहीत होता, आणि हा तो नव्हता. अवघड जागी पाय ठेवत कुणीतरी अगदी न घाबरता चाललं आहे, असं काहीतरी त्यात होतं. आपल्या घरात कोण इतकं न घाबरता चालतं, असा त्यांना प्रश्न पडला.

बायकोने न बोलता पावडरची डबी उघडून त्यांच्या हातात दिली. काकांनी आधी मानेने नाही म्हटलं, मग घेतली. आरशात त्यांना पहिल्यांदा स्वतःची मिशी दिसली. मग स्वतःचा कान. मग हात थोडा कलता केल्यावर टिकलीएवढी मुलगी दिसली. डोळे मिटलेले, केस कपाळावर आलेले, आणि हात इतका भराभर चाललेला की बोटं दिसत नव्हती.

"ही डावखुरी कधी झाली?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आरसा आहे तो," बायको म्हणाली. "त्यात सगळं उलटंच दिसणार. अकरांतल्या एकाला आला असतात तर कोणत्या हाताने वाजवते ते कळलं असतं."

ती हे टोचून बोलली नाही. नुसती माहिती दिल्यासारखी बोलली. कलमकाका थोडा वेळ आरशाकडे पाहत राहिले. मग त्यांनी डबी मिटवून बायकोला परत दिली आणि उठून उभे राहिले. खुर्ची उचलली. खुर्चीचा एक पाय फरशीवर असा कर्रकन वाजला की आसपासच्या वीस-पंचवीस माना आखडल्या. काकांनी खुर्ची फिरवली, नीट टेकवली, आणि मंचाकडे तोंड करून तिच्यावर आसनस्थ झाले.

बायको वळली नाही. वळलीच असती तर ती दुसरी ठरली असती. "बघा तुम्ही," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "मी पाहिलंय तिला."

खुर्चीच्या आवाजाने मुलीने डोळे उघडले. एकशे एकोणसाठ पाठींच्या कडेला तिला एक चेहरा दिसला. तिचा एक ठोका चुकला. काकांना ते कळलं नाही, बायकोला कळलं. पुढच्या ठोक्याला मुलगी पुन्हा ठिकाणावर आली, पण आता ती डोळे मिटत नव्हती. आणि ती उजव्या हातानेच वाजवत होती.

शिष्य नोंदवही उघडून काकांच्या समोर येऊन उभा राहिला.

"सर," तो कुजबुजला, "तुम्ही... प्रेक्षक झालात."

"हो."

"नजरचुकीने ना, सर? मी तसं लिहितो. फलकावर नाही लावावं लागणार कदाचित."

"नजरचूक नाही. पाहायचं म्हणून वळलोय. पूर्ण नाव लिही, फलकावर मोठ्या अक्षरात लाव."

शिष्याने लिहिलं. अक्षर काकांनी शिकवलं होतं तसंच सरळ होतं. रकान्यांमागून रकाने भरत तो सहाव्याला आला आणि अडखळला.

"सर, 'उल्लंघनकर्त्याचा कलाकाराशी संबंध, असल्यास'."

"वडील," काका म्हणाले. "लिही, वडील. आणि जरा बाजूला हो. दिसत नाही."